मेलेल्यावर पहारा

रझाकारांशी लढताना सोपान आणि दिगंबर एका भाकरीचे दोन तुकडे करून खायचे. निजामाचं राज्य गेलं आणि सोपान मंत्री झाला. दिगंबर मात्र 'कसेल त्याची जमीन' हेच सांगत गावात राहिला. मंत्र्याच्या दारात गाडी आली, पण म्हातारीकोतारी माणसं राम राम करायची ती आधी दिगंबरला. हे मंत्र्याला फार सलायचं.

मुक्तिदिनाला मंत्र्याने त्यांच्या हुतात्मा साथीदाराचा, लिंबाजीचा पुतळा बसवला. त्याला हार घातला आणि भर सभेत दिगंबरला डिवचलं, "दिगू, तुझा विचार मेला रे! परवा तुझ्या बैठकीला चारच टाळकी होती. चहासुद्धा बिनदुधाचा!"

दिगंबर उठला. "सोपाना, चहा बिनदुधाचा होता हे तुला कसं कळलं? चौथं टाळकं तूच पाठवलेला साध्या वेशातला पोलीस होता ना? अरे, लिंबाजीचा विचारही हाच होता. तो मेला, म्हणून त्याला हार घातलास. विचारही मेला असता, तर त्याच्यावर पहारा कशाला ठेवला असतास?"

पहिली टाळी पडली ती मंत्र्याने ट्रकमधून आणलेल्या माणसांची.