खणातला माउस

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नीट आठवते असं छातीठोकपणे सांगवत नाही. खुडबुड्या दिगंबरपंतांनी आपल्या थकलेल्या संगणकासाठी सगळ्यांत हलकी, हवी तशी बदलता येणारी कार्यप्रणाली निवडली. तिचं काम नुसत्या कळा दाबून, माउसवाचून चाले.

"माउसराव, आता तुम्ही भंगारात," कीबोर्ड म्हणाला. माउस बिचारा खणात गेला.

संध्याकाळी पंतांना संगणक बंद करायची कळ काही केल्या आठवेना. जी दाबावी तिने पडद्यावर नवीच चौकट उघडे.

"अरे, सांग ना त्यांना," माउस खणातून कळवळला.

"शोधू दे. त्याशिवाय शिकायचे नाहीत," कीबोर्ड म्हणाला.

शेवटी पंतांनी खण उघडला. "ये बाबा." माउसने पडद्याच्या कोपऱ्यात एक टिचकी मारताच संगणक बंद झाला. माउस टेबलावर राहिला, तो कायमचाच.

ती कळ कीबोर्डलाही ठाऊक नव्हती, याची खात्री माउसने बऱ्याच वर्षांनी करून घेतली.