धाकूचा जिताडा

फार जुन्या काळी, खाडीकाठचे पक्षी अजून माणसांशी चार शब्द बोलत होते तेव्हा, एका कोळीवाड्यात धाकू नावाचा कोळी राहत होता. गळ टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण एक खोड होती. आपण गावात सगळ्यांच्या आधी उठतो याचा त्याला भारी तोरा. कोंबडा आरवायच्या आत तो खाडीवर हजर असे, आणि दुपारी मासेमारीला येणाऱ्यांना म्हणे, "आले बघा वाळत घातलेले बोंबील."

त्या गावाची एक रीत होती. नवा जावई पहिल्यांदा घरी आला, की सासऱ्याने स्वतः धरलेला जिताडा मासा त्याच्या ताटात पडायला हवा. विकतचा चालत नसे, शेजाऱ्याने दिलेला तर नाहीच. ज्याला हे जमलं नाही, त्याला गाव जन्मभर 'वरणभात' म्हणून हाक मारी. असे दोन वरणभात गावात होतेही, आणि लग्नकार्यात बिचारे कोपरा धरून बसत.

धाकूच्या लेकीचं, हिरूचं, लग्न झालं आणि ऐन थंडीत निरोप आला की जावई तिला घेऊन तीन दिवसांनी येतोय. धाकू निर्धास्त होता. उन्हाळ्यात तो असे मासे हसत हसत आणत असे.

पहिल्या पहाटे दात वाजत होते, तरी तो गेला. गळाला जिवंत कोळंबी लावली. सूर्य वर आला, पण दोरी एकदाही हलली नाही. दुसऱ्या दिवशी तो आणखी लवकर उठला. त्याचा उपयोग इतकाच झाला, की कालच्यापेक्षा जास्त वेळ कुडकुडायला मिळालं. बायको म्हणाली, "आवो, जरा ऊन तरी पडू द्या." ऊन पडल्यावर आळशी जातात, असं सांगून त्याने तिला गप्प केलं.

तिसऱ्या पहाटेही तेच. संध्याकाळच्या भरतीबरोबर जावयाची होडी लागणार होती. धाकूला रडू फुटायचंच बाकी होतं. जवळच एक बगळा पिसांत मान खुपसून एका पायावर उभा होता. बगळ्याचं ध्यान कोणाला ठाऊक नाही? पण बुडत्याला काडीचा आधार. धाकूने विचारलं, "बगळोबा, मासे गेले कुठं?"

बगळ्याने एक डोळा उघडला. "कुठं जातील? खाली खोल पाण्यात गारठून पडलेत. एवढ्या थंडीत त्यांना तोंड उघडायचाही कंटाळा. आता ओहोटी लागेल, चिखल उघडा पडेल आणि दुपारपर्यंत ऊन खाईल. मग भरतीचं पाणी त्यावरून कोमट होत येईल. मासे तिथं येतील, आणि मीही." एवढं बोलून त्याने डोळा मिटला.

दुपारी धाकू गळ घेऊन निघाला. काठावर बायका मासे वाळवत होत्या. त्यातली एक म्हणाली, "धाकूदादा, आज सूर्यानं उठवलं वाटतं?" सगळ्या खदखदून हसल्या. धाकूचे कान तापले. वाटलं, असंच मागे फिरावं, यापेक्षा वरणभात बरा. पण नवऱ्याच्या ताटाकडे बघणारी हिरू त्याच्या डोळ्यांपुढे आली. लेकीची मान खाली जाणं त्याला सोसणार नव्हतं. तो काठावर बसला आणि त्याने उथळ पाण्यात गळ सोडला.

पाणी चिखलावरून सरकत आलं. दोरी हलली. मग अशी ओढ बसली, की धाकू गुडघाभर चिखलात गेला. बायकांनी टोपल्या टाकल्या, धावत येऊन त्याची कंबर धरली आणि सगळ्यांनी मिळून दोन हात लांबीचा जिताडा काठावर घेतला.

संध्याकाळी जावयाच्या ताटात भली मोठी तुकडी पडली. हिरूचा चेहरा फुलला होता. जावयाने भीत भीत विचारलं, "मामा, किती पहाटे धरलात हो?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. पण धाकू म्हणाला, "भर दुपारी. तोही बगळ्याला विचारून."

जावयाने सुटकेचा निःश्वास सोडला. "बरं झालं. या घरात पहाटे उठावं लागतं म्हणून मी आठ दिवस यायचं टाळत होतो."

घरभर हशा पिकला, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने धाकूच हसला. पुढे थंडीभर तो दुपारच्या मंडळींत बसू लागला आणि त्याला कधी रिकाम्या हाताने परतावं लागलं नाही.

तात्पर्य: कष्टाला फळ येतं ते वेळ ओळखून केल्यावर, नुसत्या सवयीचा गर्व केल्याने नव्हे.