करकोच्यांच्या राणीची साक्ष

पाणथळींच्या राज्यात भांडणाचा चौथा दिवस होता आणि गादी रिकामीच होती. तशी ती राजा जिवंत असतानाही रिकामीच असायची. करकोच्यांचा राजा एका जागी बसत नसे. एखाद्या तळ्यावर तो वर्षभर फिरकला नाही, तर तिथले करकोचे दुसऱ्याच कुणाला राजा म्हणू लागत.

“तुम्ही अंड्यातून निघालात तेव्हा बाबा नुसते थव्याचे म्होरके होते, दादा,” धाकटा म्हणत होता. “म्होरक्याच्या पोराला डबकं मिळतं.”

“मुकुट आदल्या संध्याकाळीच आला होता,” थोरला म्हणाला. “तू तेव्हा नव्हतास, म्हणूनच तुला सगळं पाठ आहे.”

कायदा निवाडा करणाऱ्या टिटवीबाईंच्या तोंडी होता. जो मुलगा मुकुटाच्या सावलीत अंड्यातून पहिला निघाला, तो राजा. दुसऱ्याची उडायची पिसं उपटून त्याला कोल्ह्यांच्या काठावर सोडायचं. हा कायदा करणाऱ्यांपैकी कुणीही कधी अंडं उबवलं नव्हतं.

साक्षीदार एकच उरली होती, राणी. ती उत्तरेच्या हरलेल्या थव्यातली. तह झाला तेव्हा तहासोबत तिलाही पाठवून दिलं होतं. तेव्हा तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. थोरला झाला पूर्वेच्या लव्हाळ्यात, धाकटा खाऱ्या तळ्याकाठी. मधली मुलगी कुठं झाली ते कुणी लक्षात ठेवलं नाही. पंख फुटायच्या आधीच तिला मौनी बेटावर पोचवलं, भावांच्या जयासाठी प्रार्थना करायला. दोघांसाठी ती अजून करत होती. वाद मिटला की राणीनंही तिथंच जायचं होतं. विधवांची सोय तिथंच असे.

टिटवीबाईंनी राणीला उंचवट्यावर उभं केलं.

“राणीसाहेब, थोरल्यांच्या वेळी मुकुट घरट्यापाशी होता का? हो की नाही, एवढंच सांगा. बाकीचं आम्ही बघू.”

मागे पिसं उपटणारे चार बगळे चोची धुऊन उभे होते. कुणाची उपटायची, एवढंच त्यांना कळायचं होतं. ‘हो’ म्हटलं की धाकटा जाणार, ‘नाही’ म्हटलं की थोरला.

“घाबरू नकोस आई,” धाकटा म्हणाला. “खरं तेच सांग.”

“इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही,” राणी म्हणाली. “घाबरायचं काय त्यात?”

“हो की नाही, राणीसाहेब,” टिटवीबाईंनी आठवण करून दिली.

राणीनं त्यांच्याकडे पाठ केली आणि ती मुलांशी बोलली.

“तुझ्या वेळी गारा पडत होत्या, थोरल्या, आणि याच्या वेळी पूर आला होता, दोन्ही वेळेला तुमचे बाबा मुकुट घालून लांबच्या तळ्यावर मुजरे घेत होते, आणि तुमच्यावर सावली होती ती माझ्या पंखांची.”