हबशी पलीकडे, होडी अलीकडे

सावरखाडीच्या बंदरावर एकदा नवा कारभारी आला, अंबाजीपंत. पोट आधी यायचं, पंत मागनं. आल्या आल्या त्यानं दवंडी पिटली, "हे हबशी परमुलखातनं येऊन आपला तांदूळ फस्त करतात. उद्या दिवस मावळायच्या आत सगळे खाडीपलीकडे गेले पाहिजेत. सरकारी होडी मात्र इकडं परत आली पाहिजे!"

हबशीवाड्यात रडारड झाली. तीन पिढ्यांची घरं सोडून जायचं कुठं? पण सरकारी होडीचा म्हातारा तांडेल मरजान मिशीतल्या मिशीत हसत पंतापुढं उभा राहिला.

"हुकूम मान्य, पंत. पण होडी परत आणणार कोण?"

"तुमच्यातलाच कुणीतरी. खाडीतल्या भोवऱ्यातनं होडी काढायला दुसऱ्या कुणाला जमतंय?"

"म्हंजे तो हबशी अलीकडंच राहिला की!"

पंतानं डोकं खाजवलं. "बरं, राहू दे एक."

"एकानं कुठं हलते ती? वल्हवायला आठ जण लागतात."

"राहू देत आठ!"

"त्यांना भाकरी थापायला बायका? शिडं शिवायला म्हातारे? उद्या वल्ही धरायला पोरं?"

तेवढ्यात बघायला जमलेले नारळाचे व्यापारी ओरडले, "पंत, होडी थांबली तर आमची पेठ बसली, अन् तुमची जकातपण!"

पंताला घाम फुटला. "अरे, मग पलीकडं जायचं तरी कुणी?"

"तुमच्या हुकमानंच जावं," मरजान म्हणाला. "त्याला आम्ही फुकट पोचवतो."