ढवळीचं दूध आणि टिमकीचं फिस्स

एक होती टिमकी. मांजरीचं पिल्लू, मुठीएवढं. गोठ्यात राहायची, ढवळी गाईपाशी. रोज सकाळी गोदाक्का दूध काढायची. चुर्र चुर्र! चुर्र चुर्र! बशीभर दूध टिमकीला द्यायची.

एके दिवशी बशी रिकामी.

"म्याव! माझं दूध कुठंय?"

ढवळी म्हणाली, "दूध आटलं ग. बघ माझ्या फासळ्या! अंगात भर नाही, तर कासेत दूध कुठून? ताजं गवत आण."

टिमकीनं मान खाली घातली. कान पाडले.

का बरं? तिला ठाऊक होतं ना! गव्हाण म्हणजे गाईचं ताट. त्या ताटातच टिमकी झोपायची. मऊ मऊ चाऱ्यावर! ढवळीनं तोंड घातलं, की टिमकी करायची, "फिस्स!" ढवळी मागं सरायची. उपाशी राहायची. चार दिवस, आठ दिवस. ढवळी झाली काडी!

टिमकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बांधावर होतं गवत.

"गवतदादा, गवतदादा, चल ना!
गवत खाईल गाय,
गाय भरेल अंगानं,
मग येईल दूध,
चाटेल टिमकी!"

गवत डोललं. सळसळ सळसळ. "पण गाय रोडावली कशानं?"

टिमकीनं मान खाली घातली. कान पाडले.

"बरं, नको सांगू. विळ्यानं कापलं, तर येईन."

तुरुतुरु तुरुतुरु. खुंटीवर होता विळा.

"विळेदादा, विळेदादा, चल ना!
विळा कापील गवत,
गवत खाईल गाय,
गाय भरेल अंगानं,
मग येईल दूध,
चाटेल टिमकी!"

"मी तर बोथट! पण गाय रोडावली कशानं?"

टिमकीनं मान खाली घातली. कान पाडले.

"बरं, नको सांगू. लोहारानं धार लावली, तर कापीन."

तुरुतुरु तुरुतुरु. भट्टीपाशी होते सुबराव लोहार. ठण ठण! ठण ठण!

"लोहारकाका, लोहारकाका, ऐका ना!
काका लावतील धार,
विळा कापील गवत,
गवत खाईल गाय,
गाय भरेल अंगानं,
मग येईल दूध,
चाटेल टिमकी!"

"सकाळपासून उपाशी आहे मी, बाळ. पण गाय रोडावली कशानं?"

उपाशी! टिमकीला रडूच आलं. तिनं मान खाली घातली. कान पाडले.

"बरं, नको सांगूस. भाकरी मिळाली, तर धार लावीन."

तुरुतुरु... तुरु... तुरु. आता पाय उचलेनात. चुलीपाशी होती गोदाक्का. थप थप, थप थप, भाकरी थापत होती.

"गोदाक्का, गोदाक्का, ऐक ना!
अक्का देईल भाकरी,
काका लावतील धार,
विळा कापील गवत,
गवत खाईल गाय,
गाय भरेल अंगानं,
मग येईल दूध,
चाटेल टिमकी!"

गोदाक्का म्हणाली, "चारा तर मी रोज घालते. मग गाय रोडावली कशानं? खरं सांग, मग भाकरी नेशील."

टिमकी भिंतीकडे वळली. तोंड लपवलं. मग हळूच म्हणाली, "मी... मी गव्हाणीत झोपले. ढवळीमावशीला फिस्स केलं. तिला खाऊच दिलं नाही."

गोदाक्का रागावली नाही. गरम भाकरी फडक्यात बांधली. "जा. आणि हे ढवळीलाही सांग हं."

मग काय!
अक्कानं दिली भाकरी,
काकांनी लावली धार,
विळ्यानं कापलं गवत. खसाखसा, खसाखसा!

गवत आलं गव्हाणीत. टिमकी दूरच उभी.

"ढवळीमावशी, मी चुकले. तू खा."

"माहीत आहे ग मला," ढवळी म्हणाली. "फिस्स माझ्याच नाकावर झालं होतं!" आणि खाऊ लागली. करम करम, करम करम.

एक दिवस गेला. दूध नाही. दोन दिवस गेले. दूध नाही. टिमकीनं मागितलंही नाही. ती पोत्यावर निजायची. ढवळी खायची, रवंथ करायची. हळूहळू फासळ्या झाकल्या. पाठ गोल झाली. पोट झालं डेरा!

आणि एका सकाळी... चुर्र चुर्र! चुर्र चुर्र!

बशी भरली. टिमकी पोत्यामागं लपली.

"टिमके, ये की ग," ढवळी म्हणाली. "तुझंच आहे."

टिमकी आली. एकेक पाऊल टाकत आली.

लप लप. लप लप लप!