आवडी तारीण आणि फुकटा उतारू

बायांनो, पोरांनो, ऐका, पण जरा अंतर ठेवून बसा, कारण गोष्ट आवडी तारणीची आहे. फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, खारवेळची माणसं होडीतून पलीकडे देऊळतळीला न्यायची ती आवडीच. होडी रेटायचा तिचा बांबू खाडीचा तळ गाठायला हवा तेवढा लांब व्हायचा, असं म्हणतात. जीभही तशीच!

एका थंडीत खारवेळात ताप शिरला. शिंका, खोकला, अंगदुखी. खाडीच कोपली असं ठरवून निम्मं गाव आवडीच्या होडीत दाटीवाटीने बसलं आणि खाडीची ओटी भरून आलं. गावचे खोत तर वाटभर शिंकत होते. तिसऱ्या दिवशी, टोकाला एकटी उभी असलेली आवडी सोडली तर, होडीतले सगळे अंथरुणात, घरी राहिलेले ठणठणीत! आवडीने कपाळावर हात मारला.

"म्हंजे ह्यो ताप माज्याच होडयेत बसान फिरता! शिंकेबरोबर उडता नि शेजारच्याच्या नाकात शिरता. फुकटो मेलो!"

पलीकडे तिची लेक शेवंती नुकतीच बाळंत झाली होती. ताप तिथे पोचला तर तान्ह्या जिवाचं काय, या धास्तीने आवडीला घास जाईना. तिने शिंकणाऱ्यांना होडी बंद केली. बाकीचे एका वेळी दोघेच, दोन टोकांना. खोत हट्टाने चढले, तर बांबूवर उचलून तिने त्यांना त्यांच्याच घराच्या ओटीवर नेऊन ठेवलं, असं म्हणतात.

बाळाच्या बाराव्या दिवशी ती बारशाला निघाली. खाडीच्या मधोमध तिलाच शिंक आली. कुणी पाहिलं नव्हतं. समोर शेवंती बाळ घेऊन पाण्याशी उभी होती.

"आये, बेगीन ये गो!"

आवडीने बांबू तळात रोवला. तिचे डोळे भरून आले, पण होडी हलली नाही.

"थंयच रव! फुकटो माज्याच नाकात बसलो आसा!"

मग तिथूनच तिने हाळी दिली, "कुर्र्र... मंजुळा!" तो आवाज पाण्यावरून धावत बाळाच्या कानात शिरला आणि बाळ खुदकन हसलं, असं म्हणतात. देऊळतळीत ताप पोचलाच नाही. आवडी पंधरवड्यात खडखडीत बरी झाली आणि मग नातीला तिने खाली म्हणून ठेवलं नाही.

आता खाडीवर पूल आहे. तरी देऊळतळीत बारसं असलं की आधी एक होडी मधोमध जाऊन थांबते. तिथून पहिलं कुर्र्र होतं, मगच आत्या बाळाच्या कानाशी वाकते. आणि पाहुण्यांत कुणाला शिंक आली, तर तो आपणहून उठून अंगणाच्या कडेला, बांबूभर लांब जाऊन बसतो. पहिला लाडू त्यालाच पोचवतात.