गाढवाच्या पायाशी उजेड

वेळ सकाळची, प्रार्थनेची घंटा वाजून गेल्यानंतरची. जागा, फार पूर्वीच्या एका समुद्रापलीकडच्या शहरातला छापखाना. तिथे मालकाने हातात पटाशी घेतली आणि एका बाईचं नाव लाकडातून काढून टाकलं.

बाई चित्रं कोरायची. येशूच्या जन्माचं चित्र तिने दोन ठोकळ्यांवर कोरलं होतं. एकावर काळ्या रेषा, दुसऱ्यावर तपकिरी सावली. सावलीच्या ठोकळ्यात जिथे लाकूड कोरून काढलं, तिथे शाई लागत नाही. कोरा कागद राहतो आणि तोच उजेड दिसतो. सगळा उजेड बाळाच्या अंगावर होता. कोपऱ्यातल्या अंधारात, गाढवाच्या पायाशी, बारीक पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव.

चर्चच्या नव्या वेदीचं चित्र कोणाला द्यायचं, हे धर्मगुरू सणाच्या दिवशी याच छापावरून ठरवणार होते.

मालकाला ते काम हवं होतं. आजवर त्याने पुस्तकंच छापली होती. त्यात उठावाची अक्षरं तासली की नाव जातं. इथली अक्षरं मात्र आत खोदलेली होती, तरी त्याने तेच केलं आणि खाली स्वतःचं नाव छापलं. पहिला छाप निघाला तर कोपऱ्यात पांढराफटक डाग.

“गाढवाकडे कोण बघतंय?” तो म्हणाला आणि छापत राहिला.

सणाच्या दिवशी धर्मगुरूंनी नेमकं गाढवाकडेच बघितलं.

“उजेड एका बाळाचा. हे गाढवाच्या पायाशी दुसरं कोण जन्मलं?”

लोक हसले.

“चमत्कार आहे, फादर,” मालक म्हणाला.

“चमत्कार कोणता ते आम्ही ठरवू. कोरलंस तूच ना? मग हा उजेड विझव.”

गर्दीतून बाई ओरडली, “तिथे माझं नाव होतं! कोरलं मी, खरवडलं यांनी.”

“ही? शाई ढवळायला ठेवलेली बाई आहे ही,” मालक म्हणाला.

“मग तुम्ही कोरून दाखवा ना, मालक. ही घ्या पटाशी. अंगठा तेवढा सांभाळा.”

मालकाने पटाशीला हात लावला नाही. ते सगळ्यांनी पाहिलं, धर्मगुरूंनीही.

“छापखान्याची भांडणं छापखान्यात,” ते म्हणाले आणि वेदीचं काम परगावच्या कारागिराला देऊन निघून गेले. मालकाला काम मिळालं नाही. बाईलाही नाही.

तात्पर्य घ्यायचं तर हे घ्या: दुसऱ्याचं नाव खोडल्याने त्याची कला आपल्या हातात येत नाही, आणि खोडलेलं दिसत असून जो गप्प बसतो, तो त्या चोरीत भागीदार असतो.

ते छाप त्या शहरात अजून घरोघरी टांगलेले आहेत. डाग सगळ्यांना दिसतो. नाव का खरवडलं, याचा जाब मात्र आजवर कोणी विचारलेला नाही.